‘येतो’ म्हणजे जातो

गेल्या उन्हाळ्यात इंग्रजीच्या शिक्षकांसाठी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात जेवणानंतरच्या सत्राला वाद पेटला. एरवी त्या वेळेला निम्मा वर्ग पेंगत असतो, त्या दिवशी कुणाचा डोळा लागला नाही. प्रश्न असा होता: आपल्या मुलांना पुढे इंग्रजी लागणार ती लंडनच्या माणसाशी बोलायला कमी आणि सोलच्या, वॉर्सॉच्या, नैरोबीच्या, नाहीतर आपल्याच चेन्नईच्या माणसाशी बोलायला जास्त. बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचीही ती मातृभाषा नाही. मग या मुलांना इंग्रजीतले वाक्प्रचार शिकवायचे कशाला? एक गट म्हणाला, काढून टाका. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस, हे घोकण्यात गेलेला तास पाण्यात गेला. दुसरा गट उसळला: वाक्प्रचार काढले तर भाषेत उरतं काय? मुलं जन्मभर कामापुरती, मोडकीतोडकी इंग्रजी बोलत राहतील. दोन तास हे चाललं आणि दोन्ही गट आपापल्या जागी होते तिथेच राहिले.

मला खटकलं ते वेगळंच. हे दोन्ही गट एका गोष्टीवर न बोलता सहमत होते. दोघांच्याही मते वाक्प्रचार म्हणजे दागिना. एकाला तो अंगावर घालायचा होता, दुसऱ्याला तो तिजोरीत ठेवायचा होता. माझं म्हणणं असं आहे की वाक्प्रचार शिकवायलाच हवेत, पण बोलण्यात पेरायला शिकवू नयेत, ओळखायला शिकवावेत. दुसऱ्याच्या बोलण्यातले तर ओळखता यावेतच, पण त्याहून जास्त निकड आहे ती आपल्या स्वतःच्या बोलण्यातले ओळखता येण्याची.

इंग्रजीकडे जाण्याआधी घरातलं उदाहरण घेऊ. आमच्या इमारतीत तमिळनाडूहून आलेलं एक कुटुंब राहतं. त्या बाईंनी मोठ्या हौसेने मराठी शिकायला घेतली. एका संध्याकाळी त्यांच्याकडून निघताना मी सवयीने ‘येते हं’ म्हटलं आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागले. त्या मात्र चहाचं आधण ठेवून माझी वाट बघत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या तेव्हा चेहरा जरा उतरलेला होता. पुढे एकदा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने रात्री त्यांना सांगितलं, ‘ताई, आता दुकान वाढवतोय,’ तर त्यांनी विचारलं, शेजारचा गाळा घेतला का? नारळ वाढवणे, बांगडी वाढवणे, मंगळसूत्र वाढवणे. फोडणे, फुटणे, तुटणे, मिटणे हे शब्द अशुभ म्हणून आपण टाळतो आणि ‘जातो’ हा शब्द उंबऱ्यावर उच्चारत नाही. यातलं दागिना काय आहे? ‘येतो’ ठाऊक नसेल तर मराठी माणसाच्या घरातून धड बाहेरही पडता येत नाही. आणि मुख्य म्हणजे, चहाचा घोटाळा होईपर्यंत ‘येते’ हा वाक्प्रचार आहे हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. मला तो साधा, सरळ शब्द वाटत होता.

आता विरोधकांची बाजू, आणि ती लेचीपेची नाही. मूळचे काश्मीरचे भाषावैज्ञानिक ब्रज काचरू यांनी १९८५ साली इंग्रजीची तीन वर्तुळं मांडली: जिथे ती मातृभाषा आहे ते आतलं, भारत-नायजेरियासारख्या देशांचं बाहेरचं आणि चीन-जपान-पोलंडसारख्या देशांचं विस्तारत जाणारं. आज बाहेरच्या दोन वर्तुळांतली माणसं आतल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. डेव्हिड क्रिस्टल यांच्यासारखे अभ्यासक हे प्रमाण तीन-चार पट धरतात. मग आतल्या वर्तुळातल्या लोकांच्या स्वयंपाकघरातून, क्रिकेटमधून, बेसबॉलमधून निघालेली वळणं उरलेल्यांनी का पाठ करावीत? व्हिएन्नाच्या भाषाअभ्यासक बार्बरा सीडलहोफर यांनी यावर नेमकं बोट ठेवलं. एकजण वाक्प्रचार वापरतो, समोरच्याला तो माहीत नसतो आणि संवाद तिथेच अडतो. याला त्यांनी एकतर्फी वाक्प्रचाराचा दोष म्हटलं. वाक्प्रचार ही कुंपणाची खूण असते, आतले कोण आणि बाहेरचे कोण हे ती दाखवते, हा त्या मांडणीचा गाभा. मला तो पटतो, कारण आपल्या भाषेने तो केव्हाच सांगून ठेवला आहे. वाक्प्रचाराला मराठीत जुना शब्द आहे वाक्संप्रदाय. संप्रदाय म्हटला की दीक्षा आली, माळ आली, आणि माळ नसलेला परका ठरला. पानिपतानंतर पेशव्यांपर्यंत पोचलेलं ते सावकारी पत्र आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे: दोन मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वाटेत कुणा परक्याच्या हाती पडलं तर त्याला एखाद्या व्यापाऱ्याचा तोटा दिसावा, असं ते लिहिणं. परक्या माणसाशी बोलताना वाक्प्रचार वापरणारा नेमकं हेच करत असतो, फक्त त्याच्या मनात तसा हेतू नसतो.

दुसरा मुद्दाही मान्य करायला हवा. आपण जे वाक्प्रचार शिकवतो ते मुळात फारसे कुणी वापरत नाही. वाक्प्रचारांच्या अभ्यासक रोझामंड मून यांनी १९९८ साली सुमारे १ कोटी ८० लाख शब्दांचा इंग्रजी मजकूर चाळून दाखवलं की असे ठाशीव, चित्रमय वाक्प्रचार बहुतेक करून दहा लाख शब्दांत एकदाही येत नाहीत. आणि आपल्या मुलांच्या वहीत काय असतं? ‘किक द बकेट’, ‘अ‍ॅपल ऑफ वन्स आय’, मांजरं आणि कुत्री. शेजारी मराठीत अर्थ आणि खाली तो प्रश्न, जो मराठीच्या पेपरातून जसाच्या तसा इंग्रजीत आला आहे: वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. यात शिकण्याचा क्रमच उलटा होतो. मूल एखादं वळण दहा ठिकाणी ऐकतं, कुणी कुणाला कोणत्या प्रसंगी म्हटलं हे त्याच्या मनात मुरतं, आणि मग केव्हातरी ते त्याच्या तोंडी येतं. आपण मात्र पहिल्याच दिवशी ‘वाक्यात उपयोग’ मागतो. परदेशी जाणाऱ्यांच्या आयइएलटीएस परीक्षेत सातव्या बँडच्या, म्हणजे गुणश्रेणीच्या, वर्णनात वाक्प्रचारी शब्दसंपत्तीचा उल्लेख आहे, म्हणून क्लासवाले पन्नास वाक्प्रचारांची यादी हातात देतात. माझ्या वाचनाप्रमाणे तिथे अपेक्षा आहे ती शब्दाशेजारी शब्द नैसर्गिकपणे बसण्याची. यादीतलं फुलपाखरू उचलून वाक्यावर चिकटवण्याची नाही.

या पोपटपंचीने काय होतं ते मी पाहिलं आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी काही महिने संध्याकाळी इंग्रजीचे तास घेत होते. एके दिवशी त्यांच्या एका कॉलला मागे बसले. इकडे आपली सहा मुलं, तिकडे पोलंडमधली एक बाई आणि दक्षिण कोरियातला एक तरुण. आपला टीम लीड हुशार, बोलण्यात तरबेज. तो म्हणाला की रिपोर्टचं काम आम्ही सध्या ‘बॅक बर्नर’वर ठेवतो आहोत. कोरियन तरुणाने मान हलवली, बाईंनी काहीतरी टिपून घेतलं, कॉल पुढे सरकला. तीन आठवड्यांनी त्या बाईंची मेल आली: रिपोर्ट कुठवर आला? त्यांनी वाक्याचं चित्र डोळ्यांपुढे आणलं होतं. शेगडीचा मागचा बर्नर म्हणजे मंद आचेवर काहीतरी शिजतं आहे, काम चालू आहे. आपल्या मुलाने सांगितलं होतं की काम थांबवलं आहे. चित्रावरून काढलेला त्यांचा अर्थ मला आजही जास्त तर्कशुद्ध वाटतो. त्या खोलीत इंग्लंड-अमेरिकेचं कुणीही नव्हतं. ही माळ आपल्याच पोराने क्लासमधून घालून आणली होती आणि ‘म्हणजे काय?’ असं विचारायचं धैर्य पलीकडे कुणाला झालं नव्हतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की पहिला गट जिंकला. वाक्प्रचार काढूनच टाकलेले बरे. पण त्याच कंपनीतली दुसरी मेल सांगते. लिहिणारी मुलगी सांगलीकडची, मराठी माध्यमातली, इंग्रजीतला एकही ठरलेला वाक्प्रचार न वापरणारी. तिने परदेशातल्या सहकाऱ्यांना कळवलं: ‘द व्हेंडर हॅज रेझ्ड हिज हँड्स.’ पलीकडून आनंदाचं उत्तर आलं: छान, म्हणजे तो स्वतःहून पुढे आला! आपल्याकडे हात वर केले म्हणजे अंग काढून घेतलं, जबाबदारी झटकली. इंग्रजीत हात वर केला म्हणजे मी करतो. एकाच वाक्यातून दोन टोकांचे अर्थ निघाले. त्या मुलीला विचारलं तर ती गोंधळून म्हणाली, ‘पण मॅडम, मी कुठे वाक्प्रचार वापरला? मी तर सरळ लिहिलं होतं.’

हाच माझा मुद्दा. वाक्प्रचार शिकवले नाहीत म्हणून बोलणं वाक्प्रचारांशिवाय होत नाही. इंग्रजीचे येत नाहीत एवढंच. मराठीचे येतात, इंग्रजी कपडे घालून येतात आणि कपड्यांमुळे ओळखूही येत नाहीत. डोकं खाणं, पाठ दाखवणं, पाणी सोडणं, तोंड टाकणं, अंगावर घेणं: यातलं काहीही आपल्याला अलंकारिक वाटत नाही. ती आपली रोजची भाषा आहे. पोलिश माणसाचीही त्याची आहे, कोरियन माणसाचीही. दोघंही आपापल्या परीने साधं बोलत असतात आणि दोघांच्या साधेपणात खोल खड्डे असतात. मग वाक्प्रचार ही गोष्टच वर्गातून हद्दपार केली तर हे खड्डे दाखवणार कोण? ज्या मुलाला भाषा अशी वळणं घेते हे कुणी सांगितलंच नाही, त्याला स्वतःची वळणं दिसणार कशी?

वाक्प्रचारमुक्त इंग्रजीचे प्रयोग झालेलेच नाहीत असंही नाही. ब्रिटिश भाषाअभ्यासक चार्ल्स के. ऑग्डेन यांनी १९३० साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं: सगळं मिळून ८५० शब्द, त्यात क्रियापदांचं काम करणारे जेमतेम १८. जगातल्या कुणालाही थोड्या दिवसांत शिकता येईल अशी भाषा हे स्वप्न. सप्टेंबर १९४३ मध्ये हार्वर्डच्या भाषणात खुद्द ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी तिची पाठराखण केली. पण क्रियापदं कापली तर त्यांचं काम कुणीतरी करायलाच हवं. ‘टॉलरेट’ गेलं, ‘पुट अप विथ’ आलं. ‘अबँडन’ गेलं, ‘गिव्ह अप’ आलं. आता ‘पुट’, ‘अप’ आणि ‘विथ’ हे तिन्ही शब्द पहिलीतल्या मुलाला येतात, पण तिघांची बेरीज करून ‘सहन करणे’ हा अर्थ कुठल्या गणिताने निघतो? शब्दांची यादी आखूड झाली आणि वाक्प्रचारांचं ओझं वाढलं. साधेपणा मोजताना फक्त शब्द मोजले की हे होतं. अवघड, लांबलचक लॅटिन शब्द परक्याला पुष्कळदा सोपा जातो, कारण तो कोशात सापडतो. ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’ यांच्या मागे ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अप’ लागले की कोशाचं पान उलटूनही हाती फार लागत नाही.

याहून बोलकी गोष्ट एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेची. १८८७ साली झामेनहोफ यांनी ही भाषा जगापुढे ठेवली. ती कुणाचीच मातृभाषा नव्हती, म्हणजे कुणाचं स्वयंपाकघर नाही, कुणाचं क्रिकेट नाही. नियम तर्काने बांधलेले, अपवाद जवळपास नाहीत. आणि तरीही त्या लोकांत ‘मगरी करणं’ असं एक क्रियापद रूढ झालं, ‘क्रोकोदिली’. एस्परांतो बोलायला जमलेल्या मेळाव्यात आपल्या मातृभाषेत गप्पा मारत बसणं असा त्याचा अर्थ. मगरीचा आणि याचा संबंध काय हे बाहेरच्याला कोणत्याही व्याकरणातून कळणार नाही. चार माणसं एका भाषेत रोज बोलू लागली की वाक्प्रचार उगवतातच. सामायिक इंग्रजी याला अपवाद कशी असेल?

मग विमानांचं काय, असं मला हमखास विचारलं जातं. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात तर ठरलेली वाक्यं असतात, तिथे एकही वाक्प्रचार चालत नाही आणि जग सुरळीत उडतं. उदाहरण चांगलं आहे, पण जरा जवळून बघू. संकटातल्या वैमानिकाने उच्चारायचा पहिला शब्द कोणता? ‘मेडे’. इंग्रजीत त्याचा शब्दशः अर्थ मे महिन्याचा दिवस. मुळात तो फ्रेंचमधल्या ‘मला मदत करा’ या शब्दांवरून घेतलेला. म्हणजे साऱ्या विमानोड्डाणाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द हाच एक अपारदर्शक संकेत आहे. तो चालतो, कारण प्रत्येकाला तो शिकवलेला असतो. दीक्षा सगळ्यांना मिळालेली असते. आणि संकेत चुकला तर? २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं आवियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान खराब हवेत बराच वेळ घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलं. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत असल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. नियंत्रण कक्षाच्या कानाला तो ठरावीक शब्द पडला नाही, म्हणून विमानाला त्या तोडीची निकड मिळाली नाही. लाँग आयलंडवर विमान कोसळलं आणि १५८ पैकी ७३ माणसं गेली. यात मांजरं-कुत्री कुठेच नव्हती, सगळे शब्द कोशातले, साधेच होते. घात केला तो एका वर्तुळात कोणत्या शब्दाला किती वजन आहे, या न बोलल्या गेलेल्या संकेताने.

पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली भाषेच्या पायऱ्या ठरवल्या तेव्हा फक्त ठरावीक वाक्यं येऊन भागत नाही हे मान्य करून संभाषणाची कसोटी लावली. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पायरी लागते आणि तिथे शब्दसंपत्तीच्या रकान्यात एक गोष्ट तपासली जाते: अनपेक्षित प्रसंगी शब्द अडला तर तेच दुसऱ्या शब्दांत सांगता येतं का. वाक्प्रचारी, बारकाव्यांची भाषा सहाव्या, शेवटच्या पायरीच्या वर्णनात येते. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या शाळांनी तो नेमका उलटा लावला आहे: वाक्प्रचार आठवीत, आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगणं कधीच नाही.

दर्जा घसरेल म्हणणाऱ्या दुसऱ्या गटालाही थोडं विचारायचं आहे. दर्जा म्हणजे ब्रिटिश माणसासारखं बोलणं असेल, तर त्या दर्जाने ब्रिटिशांचं तरी किती भलं झालं? दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत चर्चिल यांनीच नोंदवलं आहे की ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक तातडीचा कागद बैठकीत ‘टेबल’ करायचा म्हटलं आणि अमेरिकन अधिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. ब्रिटनमध्ये ‘टेबल’ करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत बाजूला ठेवून देणं. दोघांनाही तो कागद चर्चेला यायलाच हवा होता, आणि हे कळेपर्यंत बराच वेळ कडवट वाद झाला. मातृभाषा एक, युद्ध एक, शत्रू एक, आणि तरी ही गत. त्यांच्यापैकी कुणाचीही इंग्रजी कच्ची नव्हती. आपला शब्द समोरच्याच्या डोक्यात वेगळा वाजत असेल, ही शंका मात्र कुणाला आली नाही. ही शंका येणं हीच सामायिक भाषेतली सर्वांत वरची पायरी आहे, आणि ती चढायला इंग्लंडमध्ये जन्म घ्यावा लागत नाही.

शिवाय वाक्प्रचार आतल्या वर्तुळाच्या मालकीचे राहतात हेही खरं नाही. व्हिएन्नात जमवलेल्या, सुमारे दहा लाख शब्दांच्या बोली नोंदींत मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांची संभाषणं आहेत. अभ्यासक मारी-लुईझे पिट्झल यांनी त्यातलं एक वाक्य पुढे आणलं: ‘आपण कुत्र्यांना जागं करू नये.’ मूळ इंग्रजी वळण झोपलेल्या कुत्र्यांना झोपू द्या असं आहे. चुकलं म्हणायचं का? अर्थ कळण्यासारखा होता, कारण चित्र उघडं होतं. भाषा अशीच हातोहात जाते आणि जाताना बदलते. फारसी कितीतरी काळ आपल्याकडे दरबाराची सामायिक भाषा होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, कारभारातले फारसी शब्द बदलले, तरी बोलण्यात शिरलेली वळणं राहिली ती राहिलीच. ‘शिकस्त’ म्हणजे फारसीत मोडतोड, पराभव. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे मोडेपर्यंत प्रयत्न करतो. इराणी माणसाला विचित्र वाटेल, पण आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. उद्या एखादी सांगलीची मुलगी ‘हात वर करणं’ इंग्रजीत रुळवू शकेल. फक्त पहिल्या वेळी तिने त्याच्याशेजारी एक वाक्य जोडायला हवं: आमच्याकडे असं म्हणतात, अर्थ असा. एवढ्याने एकतर्फी वाक्प्रचार दुतर्फी होतो, आणि ऐकणाऱ्यालाही त्याचं काहीतरी सांगावंसं वाटतं. त्या पोलिश बाईंनी नंतर आम्हाला पोलिशमधलं ‘माझी सर्कस नाही, माझी माकडं नाहीत’ शिकवलं. माझा काही संबंध नाही, असा त्याचा अर्थ. ते आमच्या वर्गात अजून चालतं.

कान तयार करणं हा मात्र चैनीचा भाग नाही, हे मला परिचारिकांच्या वर्गाने शिकवलं. ब्रिटनमध्ये नोकरीला निघालेल्या मुली. वॉर्डातल्या त्यांच्या सहकारी फिलिपिन्सच्या, केरळच्या, झिंबाब्वेच्या. त्यांच्यात वाक्प्रचारांवाचून काही अडत नाही. पण खाटेवरच्या ऐंशी वर्षांच्या आजी ‘स्पेंड अ पेनी’ करायचं म्हणतात तेव्हा त्यांना लघवीला जायचं असतं. पूर्वी तिथल्या सार्वजनिक शौचालयाच्या दाराला एक पेनी टाकावी लागे, त्यावरून आलेला हा लाजरा शब्द. आपल्या आज्या ‘बाहेर बसले’ किंवा ‘पोटुशी’ म्हणत, त्यातलाच प्रकार. दुखण्याच्या, लाजेच्या, मरणाच्या गोष्टी माणसं कुठल्याही भाषेत सरळ बोलत नाहीत. ‘वाक्प्रचार आमच्या अभ्यासक्रमात नव्हते’ असं त्या आजींना सांगून भागेल का? त्या मुलींना हे शब्द स्वतः वापरायची गरज नाही. ऐकू आले की कळायला हवेत, आणि न कळल्यास न लाजता ‘म्हणजे नेमकं काय, आजी?’ एवढं विचारता यायला हवं. आपल्या वर्गांत प्रश्न विचारणाऱ्याला अडाणी ठरवण्याची जी सवय आहे, ती मला कोणत्याही यादीपेक्षा जास्त घातक वाटते.

म्हणून मी आता माझ्या वर्गात यादी देत नाही. मुलं आठवडाभर आपल्याच घरातलं बोलणं ऐकून येतात आणि शब्दशः घेतलं तर वेडगळ वाटेल असं काय काय ऐकलं ते फळ्यावर लिहितात. पहिल्या आठवड्यात पाच-सहा निघतात. महिन्याने फळा पुरत नाही. त्यानंतर इंग्रजीकडे जातो, तेही मांजरा-कुत्र्यांकडे नाही. ‘लुक इन्टू’, ‘कॉल ऑफ’, ‘गेट बॅक टू यू’ यांच्याकडे, जे रोजच्या मेलमध्ये डझनाने येतात आणि ज्यांच्याकडे वाक्प्रचार म्हणून कुणी बघत नाही. परीक्षेत एक पत्र देते आणि सांगते की हे वॉर्सॉच्या किंवा सोलच्या माणसाला जाणार आहे. त्याला जिथे अडेल असं वाटतं तिथे रेघ मारा आणि तो भाग दुसऱ्या शब्दांत लिहा.

मागच्या खेपेला एका मुलीच्या पेपरात पहिली रेघ पत्राच्या वर होती, मी छापलेल्या सूचनेवर: ‘गो ओव्हर द लेटर’. शेजारी तिने पेन्सिलने मराठीत लिहिलं होतं, ‘पत्रावरून जायचं?’, आणि खाली तिची सुधारणा: ‘रीड द लेटर केअरफुली.’ तिला त्याचे पूर्ण गुण दिले. या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत सूचना तिच्या शब्दांत छापली आहे.